दूध जिंकलं, घास अडला

ब्राझीलिया : ब्राझीलच्या या राजधानीत बाळंतिणींचं दूध गोळा करायला अग्निशमन दलाचे जवान घरोघरी जातात. आपल्याकडच्या माणसाला याचं नवल वाटेल, इथे ते कुणालाच वाटत नाही. स्वतःच्या बाळाचं पोट भरून जिचं दूध उरतं, ती फोन करून नाव नोंदवते. मग काचेच्या बरण्या, डोक्याची टोपी आणि मास्क तिच्या दारात येतात, आणि ठरल्या दिवशी भरलेल्या बरण्या गाडीतून जातात.

आमच्या वरच्या मजल्यावरची शिक्षिका असं दूध देते. तिने मला फ्रीझर उघडून दाखवला. गोठवलेल्या मटाराच्या पिशवीशेजारी इन्स्टंट कॉफीच्या तीन रिकाम्या बरण्या, प्लॅस्टिकच्या झाकणांच्या. बरणी आणि झाकण पंधरा मिनिटं उकळून घ्यायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, पहिले थेंब टाकून द्यायचे. बरणीवर पहिल्या दिवसाची तारीख लिहायची. दुसऱ्या वेळचं दूध उकळलेल्या पेल्यात काढून आधीच्या गोठलेल्या दुधावर ओतायचं आणि वर दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर गोठताना काच तडकते. पंधरा दिवसांच्या आत बरणी दूधपेढीवर पोचली पाहिजे. न्यायला आलेली जवान तरुण मुलगी होती. तिने थंड पेटीतला तापमापक पाहिला, तारखा वाचल्या, बाळाची चौकशी केली आणि पुढच्या घरी गेली.

पेढीवर या दुधाची आम्लता तपासतात, त्यात स्निग्धांश किती ते मोजतात, साडेबासष्ट अंश सेल्सियसवर अर्धा तास तापवतात, झटकन थंड करतात, जंतू आहेत का ते पाहतात आणि पुन्हा गोठवतात. असं दूध सहा महिने टिकतं. ते जातं काचपेटीतल्या बाळांकडे. किलोभर वजनाच्या बाळाला एका वेळी मिलीलिटर-दोन मिलीलिटर, तेही नळीने. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डब्यातलं दूध दिलं तर आतड्याचा भाग मरण्याच्या जीवघेण्या आजाराचा धोका वाढतो, म्हणून हा सगळा खटाटोप. एका लिटरमध्ये दिवसाला दहा बाळांपर्यंतची सोय होऊ शकते, असं इथलं आरोग्य मंत्रालय सांगतं.

या व्यवस्थेचा पाया १९८५च्या सुमारास रिओच्या फेर्नांदेस फिगेइरा संस्थेत घातला गेला. जुआंव आप्रिजिओ गेर्रा द आल्मेइदा या संशोधकाने महागड्या आयात बाटल्यांना फाटा दिला. कॉफीची आणि मेयोनीजची बरणी नीट उकळली तर तेवढ्यावर भागतं, हे त्याने दाखवून दिलं. आज देशात दोनशेहून अधिक दूधपेढ्या आहेत आणि त्या प्रत्येक राज्यात आहेत. आपल्याकडे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये सुरू केली, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. इथे फरक पडला तो पेढी आणि घर यांच्यामधल्या रस्त्यावर. बाईने पेढीकडे यावं अशी अपेक्षाच ठेवली गेली नाही, पेढीच तिच्याकडे गेली.

या देशाला दुधाचा एक काळा इतिहासही आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८८ मध्ये गुलामगिरी संपेपर्यंत श्रीमंतांच्या घरी बाळाला पाजायला गुलाम बाई ठेवली जाई. अशा बायका भाड्याने देणं-घेणं चाले आणि त्याच्या जाहिराती वर्तमानपत्रांत छापून येत. तिचं स्वतःचं मूल कुठे गेलं, हे त्या जाहिरातीत नसे. आज दूध देण्याबद्दल पैसे घेता-देता येत नाहीत, हा नियम इथे इतका कडक का, ते यावरून कळावं.

पुढे विसाव्या शतकात डब्यातली पावडर आली. शहरं वाढली, प्रसूती इस्पितळात होऊ लागल्या आणि पाजणं मागासलेपणाचं मानलं जाऊ लागलं. १९७४-७५ साली ब्राझीलमध्ये आई बाळाला सरासरी जेमतेम अडीच महिने पाजत होती. १९८१ मध्ये सरकारने राष्ट्रीय मोहीम उघडली. टीव्ही-रेडिओ तर होतेच, शिवाय पाण्याच्या आणि टेलिफोनच्या बिलावर, बँकेच्या खातेपत्रकावर, इतकंच काय लॉटरीच्या तिकिटावरही स्तनपानाचा संदेश छापला गेला. मला यातली लॉटरीची गोष्ट फार मोलाची वाटते. तिकीट बहुधा पुरुष घेतो. बाळाला काय पाजायचं हा प्रश्न त्याच्याही खिशात पोचला. पुढे सेआरा राज्यात पोस्टमन टपाल वाटता वाटता गरोदर बायकांना आणि नव्या आयांना माहिती देऊ लागले.

संदेशामागे पुरावाही उभा राहिला, आणि तो याच देशातून. दक्षिणेकडे पेलोतास नावाचं शहर आहे, मिठायांसाठी प्रसिद्ध. तिथल्या सेझार व्हिक्तोरा या साथरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेलोतास आणि पोर्तो अलेग्रे इथल्या बालमृत्यूंचा अभ्यास केला. १९८७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या निबंधाने सांगितलं, की आईच्या दुधाशिवाय दुसरं कुठलंही दूध न पिणाऱ्या बाळाच्या तुलनेत अजिबात न पिणाऱ्या बाळाला जुलाबाने दगावण्याचा धोका चौदा पटींहून अधिक असतो. त्याहून डोळे उघडणारी गोष्ट अशी, की आईच्या दुधाबरोबर नुसतं पाणी किंवा चहा दिला तरी धोका वाढतो. चहा म्हणजे इथे पोटदुखीवर दिलं जाणारं बडीशेपेचं पाणी. आपल्या आज्या देतात तेच. इवल्या पोटात दोन चमचे पाणी गेलं की बाळ तेवढं कमी ओढतं, ओढणं कमी झालं की दूध कमी उतरतं, आणि पाण्याबरोबर जंतू जातात ते वेगळेच.

याच शहरात १९८२ मध्ये इस्पितळांत जन्मलेल्या ५९१४ बाळांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला, तो पुढे दशकानुदशकं चालला. तिशीत त्यांना गाठलं तेव्हा वर्षभर किंवा त्याहून जास्त अंगावर प्यायलेल्यांचा बुद्ध्यंक, महिनाभरही न प्यायलेल्यांपेक्षा साधारण पावणेचार गुणांनी जास्त निघाला. शिक्षण आणि कमाईही जास्त. अशा अभ्यासांवर नेहमीचा आक्षेप असतो की सुखवस्तू आयाच जास्त पाजतात, मग हा परिणाम दुधाचा की पैशाचा? त्या काळच्या पेलोतासमध्ये पाजणं श्रीमंती-गरिबीवर फारसं अवलंबून नव्हतं, त्यामुळे हा आक्षेप इथे लंगडा पडतो.

कायदाही पाठोपाठ आला. १९८८च्या नियमावलीतून पुढे २००६चा कायदा झाला. फॉर्म्युलाच्या, म्हणजे बाळाच्या पावडरच्या, डब्यावर बाळाचं चित्र चालत नाही, दुकानात त्यावर सवलत किंवा खास मांडणी चालत नाही. बाटल्या आणि चोखण्यांच्या जाहिरातीलाही बंदी आहे. भारताचा १९९२चा कायदा कागदावर याच्याइतकाच कडक आहे. ब्राझीलच्या १९८८च्याच राज्यघटनेने १२० दिवसांची बाळंतपणाची रजा दिली. तुरुंगातल्या आईला पाजण्याच्या काळात बाळाजवळ राहता यावं अशी तरतूदही तिच्यात आहे. या सगळ्याचं फळ आकड्यांत दिसतं. सहा महिन्यांखालच्या बाळांत निव्वळ अंगावर पिणारी १९८६ मध्ये शंभरात तीन होती, २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत ती सेहेचाळीसच्या जवळ गेली.

दूध इथवर आलं. सहा महिन्यांनंतरच्या घासाचं मात्र तसं झालेलं नाही.

पोटात असताना बाळाने साठवलेलं लोह साधारण सहाव्या महिन्यापर्यंत संपत येतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. म्हणून तिथून पुढे वाटीत काय पडतं याला महत्त्व. ब्राझीलचं रोजचं जेवण म्हणजे भात आणि घेवड्याच्या बिया, फेइजांव. बाळासाठी याहून चांगलं काय हवं? पण घरोघरी बाळाला बिया देत नाहीत, त्यांचा वरचा रस्सा देतात. आपलं डाळीचं वरचं पाणी आठवून पाहा. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी आहारपुस्तिका काढली, तिच्यात हे स्पष्ट लिहिलं आहे : नुसता रस्सा नको, दाणा द्या. मिक्सरमधून काढू नका, काट्याने कुस्करा. भात, बिया, भोपळा, मांस ताटलीत वेगवेगळं ठेवा, म्हणजे मुलाला प्रत्येकाची चव कळेल आणि चावायचं शिकेल. दोन वर्षांपर्यंत साखर अजिबात नको, आणि साखरेत मधही आला. जन्मल्या जन्मल्या मध चाटवणाऱ्या आपल्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुस्तिका उत्तम आहे. मी वाचलेल्या सरकारी प्रकाशनांत इतकं घरगुती, इतकं प्रेमाने लिहिलेलं दुसरं आठवत नाही. पण २०१९च्या त्याच पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी ऐंशी टक्के मुलं बिस्किटं, गोड दही, तयार पिठं असलं कारखान्यातलं अन्न खात असल्याचं निघालं. एक गोड दही तर ‘एका छोट्या मांसाच्या तुकड्याच्या तोडीचं’ म्हणून वर्षानुवर्षं टीव्हीवर गाजलं. बिस्किट आणि गोड दही ‘बाळाचं अन्न’ म्हणून विकलं जात नाही, म्हणून फॉर्म्युलाचा कायदा त्यांना लागत नाही. २०२२ पासून जास्त साखरेच्या पाकिटांवर काळ्या भिंगाचं चिन्ह येतं, ती सुरुवात झाली. पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं २०१९च्या पाहणीत शंभरात सात होती आणि जास्त वजनाची दहा. पन्नास वर्षांपूर्वी शंभरात सदतीस मुलं खुरटलेली होती. त्या मानाने हा केवढा पल्ला! पण आजार बदलतोय, संपत नाही.

यात आईला दोष देणं सोपं आहे आणि ते इथेही सर्रास चालतं. आमच्या इमारतीत साफसफाईला येणारी बाई सेलांदिया या वस्तीतून दोन बस बदलून येते. मुलगी झाली तेव्हा ती नोंदणीशिवाय घरकाम करत होती. इथल्या बहुसंख्य घरकामगार बायकांची स्थिती तीच आहे. नोंदणी नाही म्हणजे पगारी रजा नाही. दोन महिन्यांनी ती कामावर गेली. दुपारी छाती दुखून येई तेव्हा मालकिणीच्या बाथरूममध्ये जाऊन ती दूध बेसिनमध्ये काढून टाकी. त्याच शहरात तेच दूध न्यायला गाडी फिरत होती, पण गाडी येते घराच्या पत्त्यावर, आणि ती घरी असे रात्री. आजीने मुलीला तिसऱ्या महिन्यापासून मिंगाउ सुरू केलं, म्हणजे मक्याच्या स्टार्चची दूध-साखर घातलेली लापशी. स्वस्त, गुळगुळीत, मूल लगेच झोपतं. त्या आजीने दुसरं काय करायला हवं होतं, मला सांगता येत नाही.

नोंदणीकृत नोकरीतली आईसुद्धा चार महिन्यांनी कामावर जाते. सहा महिन्यांची रजा मुख्यतः सरकारी नोकरांना आणि करसवलत घेऊन ती देणाऱ्या कंपन्यांतल्या बायकांना. सल्ला सहा महिन्यांचा आणि रजा चारची, ही तफावत कितीही पोस्टमन हिंडले तरी भरून निघणार नाही.

आशा वाटते ती सरकारी पाळणाघरांकडे पाहून. शालेय आहार योजनेचा २०२०चा नियम तीन वर्षांखालच्या मुलांच्या ताटात साखर, मध आणि कारखान्यातलं तयार अन्न घालायला मनाई करतो. शाळांच्या आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान तीस टक्के भाग लहान शेतकरी कुटुंबांकडच्या मालावर खर्च करण्याची अट २००९च्या कायद्याने घातली. सेलांदियाची ती मुलगी आता अशाच पाळणाघरात जाते. तिथे तिला भोपळा आणि बिया मिळतात आणि ती दोन्ही हातांनी खाते, असं तिची आई कौतुकाने सांगते. तिला जागा मिळाली दीड वर्षाची झाल्यावर. नाव घातलं होतं तिसऱ्या महिन्यात, आणि त्या वस्तीतली यादी अजून तेवढीच लांब आहे.