डोळ्याजवळ दुखतंय, पण दुखणं डोळ्याचंच आहे का?



"मॅडम, डोळा दुखतोय." चौथीतला एक मुलगा आठवडाभर डाव्या डोळ्याखाली हात धरून बसायचा. आईला वाटलं, मोबाईलमुळे असेल. डोळे तपासून आणले, तर नंबर नव्हता. मग एक दिवस मी त्याला म्हटलं, "एका बोटाने दाखव बरं, नेमकं कुठं?" बोट गेलं डोळ्याखालच्या गालावर. डबा खाताना बघितलं तर तो एकाच बाजूने चावत होता. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा डावीकडची वरची दाढ आतून किडलेली निघाली. दुखणं दाढेचं आणि नाव डोळ्याचं!

असं का होतं? चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस असते. तिला तीन फांद्या फुटतात. पहिली डोळा आणि कपाळाकडे जाते, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. जुन्या वाड्यात तीन बिऱ्हाडांना मिळून एकच बेल असते ना, तसंच हे. बेल वाजली एवढं कळतं, पण पाहुणा कोणाकडे आला ते पटकन कळत नाही.

डोळ्याचे शेजारी कोण, हेही मुलांना सांगायला हवं. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांनाच आपण सायनस म्हणतो. गालात, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या खूप मागे अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. सर्दी लांबली, नाक चोंदलं, पिवळा शेंबूड येऊ लागला आणि खाली वाकल्यावर गाल किंवा कपाळ जड झालं, की सायनसची शंका घ्यावी. आमची आजी म्हणायची, "सूर्य चढतो तसं डोकं चढतं." कपाळातल्या सायनसचं दुखणं बऱ्याचदा असंच सकाळी वाढत जातं आणि दुपारनंतर उतरतं. लहान मुलांच्या कपाळात मात्र ही पोकळी जन्मतः नसते, ती पुढे हळूहळू तयार होते. त्यामुळे पहिलीतल्या मुलाचं कपाळ दुखलं की लगेच सायनस म्हणू नये. मोठ्यांचंही तसंच आहे. "मला सायनस आहे" म्हणणाऱ्या अनेकांना खरं तर अर्धशिशी असते. एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको, असं असेल तर वाफ घेऊन काय उपयोग?

काही दुखणी आपली ओळख स्वतःच सांगतात. दात घासताना, दाढी करताना किंवा नुसता वारा लागला तरी गालात विजेचा झटका बसावा अशी कळ येते आणि काही सेकंदांत जाते, तेव्हा ती नसच दुखावलेली असते. हा त्रास साधारण पन्नाशीनंतर दिसतो. कपाळाच्या एकाच बाजूला आग होते आणि दोन-चार दिवसांनी तिथे पुरळ उठतं, ती नागीण. त्यात नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यालाही धोका असतो, आणि औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं चांगलं.

आता आपल्या शहराची गोष्ट. २०२१ च्या उन्हाळ्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, "डोळ्याखाली दुखतंय" हे वाक्य ऐकलं की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला होता. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण खूप होते. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. लोक त्याला काळी बुरशी म्हणायचे, पण काळी पडते ती बुरशी नव्हे. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, रक्त न मिळाल्याने तिथलं मांस मरतं आणि काळं पडतं. ती नाकातून शिरते, सायनसमध्ये जाते. सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असल्याने पुढे डोळ्यात आणि मग मेंदूकडे पोचते. साखर ताब्यात नसलेल्या आणि स्टेरॉईड घेतलेल्या रुग्णांना धोका सर्वात जास्त होता. गालाला बधिरपणा, एका बाजूला सूज, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं ही तिची लक्षणं. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. जीव वाचवायला काहींचा डोळा काढावा लागला. लाट ओसरली, पण आजार संपलेला नाही. मधुमेह असलेल्या माणसाने डोळ्याखालचं दुखणं बाम चोळून काढायचं नसतं, हे मी पालकसभेत आवर्जून सांगते.

मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. तरी काही ठिकाणी उद्यावर टाकायला नको एवढं नक्की. डोळा लाल, असह्य दुखणं, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलय दिसतंय, तर तो अचानक वाढलेला काचबिंदू असू शकतो, काही तासांतही नजर जाऊ शकते. मुलाला सर्दीनंतर ताप आला, पापणी सुजली आणि डोळा हलवताना दुखतंय, तर रात्र असली तरी घाटी किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. मेडिकलमधून आणलेले उरलेले थेंब टाकू नयेत. त्यात स्टेरॉईड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

उपक्रम: वहीत चेहरा काढा, सायनस निळ्या रंगाने आणि नसेच्या तीन फांद्या लाल रंगाने दाखवा. घरात कोणाचं डोकं किंवा गाल दुखत असेल तर विचारा: एका बोटाने कुठं? कधी वाढतं? सोबत आणखी काय होतं? उत्तरं लिहून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या.