आघातग्रस्त विद्यार्थी आणि मेंदूविकासाचा क्रम : एक शैक्षणिक विचार

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने अनेक मुलांचे घर आणि आप्त एकाच वेळी हिरावून घेतले. अशा आपत्तीची दखल समाज घेतो. परंतु घरातील हिंसा, पालकाची आत्महत्या किंवा करोनाच्या साथीत आलेले पोरकेपण सोसून वर्गात बसणारा विद्यार्थी सहसा नजरेस येत नाही. त्याचे अकारण चिडणे, शून्यात पाहत राहणे वा अभ्यासात मागे पडणे हा बेशिस्तपणा किंवा आळस मानला जातो. मेंदूविकासाच्या दृष्टीने पाहिल्यास या वर्तनाचा निराळा अर्थ लागतो.

मेंदूविकासाची तत्त्वे :
मेंदूचा विकास स्थूलमानाने खालून वर होतो. श्वसन, हृदयस्पंदन व झोप यांचे नियमन करणारा मस्तिष्कस्तंभ जन्मसमयीच बराचसा कार्यक्षम असतो. विचार, नियोजन व आत्मसंयम यांच्याशी संबंधित अग्रभाग सर्वांत उशिरा, विशीच्या मध्यास परिपक्व होतो. मेंदूतील जे मार्ग वारंवार वापरले जातात, ते दृढ होतात. त्यामुळे सतत भयात वाढलेल्या मुलाची धोका ओळखणारी यंत्रणा अतिसंवेदनशील बनते. मोठा आवाज किंवा शिक्षकांचा उगारलेला हातही तिला पुरेसा ठरतो. अशा अवस्थेत अग्रभागाचे कार्य मंदावते. भेदरलेल्या विद्यार्थ्यास केलेला उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तो यामुळेच.

वेको येथील अनुभव :
१९९३ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको येथे एका धर्मपंथाच्या वसाहतीस शासकीय दलांनी वेढा घातला. त्या काळात बाहेर सोडलेल्या २१ मुलांसोबत बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. ब्रूस पेरी यांच्या पथकाने काम केले. शांत बसलेली असतानाही या मुलांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. पथकाने त्यांच्यावर प्रश्नांचा भडिमार केला नाही. निश्चित दिनक्रम आखला आणि कोणाशी व केव्हा बोलायचे, हे मुलांवर सोपविले. पेरी यांच्या विचारपद्धतीतून पुढे एक क्रम रूढ झाला : प्रथम शरीर शांत करणे, नंतर नाते जोडणे आणि शेवटी विचारास प्रवृत्त करणे.

वर्गातील उपयोजन :
या क्रमासाठी महागड्या साधनांची गरज नाही. परिपाठाच्या वेळी दिवसाचे वेळापत्रक सांगावे व त्यातील बदलाची पूर्वकल्पना द्यावी. समूहगान, टाळ्यांचा ठेका, लेझीम, संथ श्वसन अशा लयबद्ध कृती रोज थोडा वेळ घ्याव्यात. अस्वस्थ विद्यार्थ्यास पाणी पिण्यास वा मैदानास एक फेरी मारण्यास मुभा द्यावी. एका तरी शिक्षकाने त्याची रोज नावाने विचारपूस करावी. घडल्या प्रकाराची चर्चा तो शांत झाल्यावर, एकांतात करावी. मात्र आघाताची कहाणी सांगण्याचा आग्रह धरू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहेत. आघातग्रस्त मुलाच्या बाबतीत तर शिक्षा मूळ भयच दृढ करते.

मर्यादा :
उपरोक्त क्रम हे सुलभीकरण आहे. प्रत्यक्षात मेंदूचे सर्व भाग परस्परांच्या सहकार्याने कार्य करतात. प्रत्येक चंचल मूल आघातग्रस्त नसते आणि निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. झोप उडणे, स्वतःस इजा करणे, दीर्घकाळ अबोल राहणे अशी लक्षणे दिसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे अगत्याचे आहे.

समारोप :
मेंदूची लवचिकता बालपणानंतरही टिकून असते. ज्या पुनरावृत्तीने भय दृढ झाले, त्याच पुनरावृत्तीने सुरक्षिततेची भावनाही रुजू शकते. म्हणूनच ‘हा असा का वागतो?’ या प्रश्नाआधी ‘याने काय सोसले असेल?’ हा प्रश्न शिक्षकाच्या मनात येणे, हीच अशा विद्यार्थ्याच्या शिक्षणाची खरी सुरुवात होय.