खाच राहू द्या, ओळी वाचा

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकाचा डॉग टॅग (गळ्यातला ओळखीचा पत्रा) हाती आला की बहुतेकांची नजर आधी कडेच्या खाचेवर जाते. मेलेल्या जवानाच्या दातांत ती खाच अडकवून टॅग ठोकून बसवत, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती रंगतदार आहे, पण खोटी. यंत्रात ठेवताना पत्रा जागेवर नीट बसावा, एवढंच तिचं काम. ही खाच १९४०च्या सुमारास आली आणि व्हिएतनाम युद्धापर्यंत टिकली. तेव्हा तिच्यावरून साल कळत नाही. साल कळतं ते मजकुरावरून, आणि त्यातही कोणती ओळ गायब आहे यावरून. सुरुवातीच्या टॅगवर जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता असे. १९४३च्या मध्यात लष्कराने पत्ता काढून टाकला. धनुर्वाताच्या (टेटनसच्या) लशीचं साल १९४१च्या अखेरीपासून उमटू लागलं. समजा टॅगवर ‘टी ४२ ४३’ आहे, म्हणजे लस १९४२ची आणि पुढचा डोस १९४३चा, आणि खाली पत्ताही आहे. तर तो बहुधा १९४३च्या पूर्वार्धातला. सैनिकाचा सेवा नंबर ३ने सुरू होत असेल तर माणूस सक्तीच्या भरतीतला, १ने होत असेल तर स्वतःहून आलेला. जुलै १९६९पासून या नंबराच्या जागी नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर आला.

यावर दोन आक्षेप येतात. एक, नियम बदलला म्हणून छावणीतले सगळे टॅग दुसऱ्या दिवशी बदलत नसत. खरंच आहे, म्हणून महिन्यावर पैज लावू नये, आणि निघते ती तारीख टॅग ठोकल्याची, जवानाच्या सेवेची नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: टॅग ठोकायची यंत्रं आजही मिळतात, आणि व्हिएतनाममध्ये पर्यटकांच्या गळ्यात नकली टॅग बिनदिक्कत मारले जातात. पण नकलाकार बरेचदा मजकुरातच अडकतो. नऊ आकडी नंबर आणि नातेवाइकाचा पत्ता एकाच पत्र्यावर दिसला की समजावं, काहीतरी गडबड आहे. मजकूर निर्दोष असला तरी अस्सलपणा सिद्ध होत नाही. त्यासाठी नंबर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भरतीनोंदींत शोधावा. तिथे सुमारे ९० लाख नोंदी आहेत, पण त्या पूर्ण नाहीत. शिवाय १९७३मध्ये सेंट लुइसच्या सैनिकी नोंदींच्या भांडाराला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान लष्करातून मुक्त झालेल्यांच्या जवळपास ८० टक्के फायली जळाल्या. तेव्हा नाव सापडलं नाही, एवढ्यावरून टॅग खोटा म्हणू नका. आणि असा टॅग घरात असेल तर घासूनपुसून चकचकीत करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.