खरी झीज, उसनी झीज

गूढकथेच्या मुखपृष्ठावर झिजक्या टाइपरायटरची अक्षरे दिसली, की मी एकच अक्षर दोन ठिकाणी शोधतो. दोन्हींवरचा डाग हुबेहूब सारखा असेल, तर बहुधा ती झीज उसनी!

टाइपरायटरच्या ठशात दोष दोन प्रकारचे. खिळ्याचा टवका उडाला तर तो दर वेळी उमटतो. १८९१च्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’मध्ये शेरलॉक होम्स अशाच खुणांवरून यंत्र ओळखतो. रिबनची शाई आणि बोटाचा जोर मात्र दर ठोक्याला बदलतात.

डच अक्षरकार एरिक व्हान ब्लॉकलंड यांचा ‘ट्रिक्सी’ हा फाँट १९९१चा, खऱ्या टाइपरायटरच्या ठशांवरून केलेला. ‘द एक्स-फाइल्स’च्या शीर्षकाने तो जगभर गेला, गोपनीय कागद म्हणजे हेच अक्षर, असा संकेतच पडला. पण एका अक्षराला एकच चित्र, त्यामुळे शाईचा क्षणिक फराटाही खिळ्याच्या व्यंगासारखा कायमचा झाला. गंमत अशी, की त्याआधीच त्यांनी युस्ट व्हान रॉसम यांच्यासह केलेल्या ‘बेओवोल्फ’मध्ये अक्षराच्या कडा दर छपाईत यदृच्छेने बदलत. ‘ट्रिक्सी’त एकेका अक्षराची अनेक रूपे आली ती २००८मध्ये.

देवनागरीत आणखी एक पेच आहे. प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येते. त्याची टोके खडबडीत केली, तर सांध्यासांध्यावर फट पडते. शब्द झिजलेला नव्हे, तुटलेला दिसतो. म्हणून मी शीर्षक आधी नितळ अक्षरांत जुळवतो आणि झीज नंतर, सबंध शब्दावर चढवतो.