त्र्यंबकगड इतक्या लवकर का पडला?

त्र्यंबकेश्वरी येणारा भाविक कुशावर्तात स्नान करतो, दर्शनाच्या रांगेत उभा राहतो. वरच्या ब्रह्मगिरीकडे लढाईची जागा म्हणून पाहणारा विरळाच. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलाने मात्र आधी तिकडे पाहावे. प्रचंड घेर, सरळ तुटलेले कडे, चढायला मोजक्या वाटा. आणि तरीही एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने हा गड काही दिवसांतच घेतला. त्याची धास्ती अशी, की पाठोपाठ सतरा किल्ले न लढता इंग्रजांच्या हाती गेले.

आता नाशिकच्या उत्तरेचा रामशेज बघा. त्र्यंबकपुढे तो टेकाडच. पण १६८२ पासून औरंगजेबाच्या फौजेला त्याने काही वर्षे झुंजवले. शहाबुद्दीन खानाचे लाकडी दमदमेही कामी आले नाहीत. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या, असे मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो.

मग कड्याची उंची गेली कुठे? १८१८ च्या एप्रिलात पुणे गेले होते, आष्टीला बापू गोखले पडले होते, पेशवा पळत होता. बाहेरून कुमक येणार नाही, हे त्र्यंबकच्या शिबंदीला कळत होते. रामशेजमागे संभाजीराजांचे जिवंत राज्य होते. इतके म्हटले की उत्तर सापडल्यासारखे वाटते. पण मालेगाव ते टिकू देत नाही. मोसमकाठचा तो भुईकोट, पाठीशी कोणीही नाही, तरी आतल्या अरबांनी त्याच साली मे-जूनमध्ये इंग्रजांना सुमारे महिनाभर अडवले, दोनशेहून अधिक माणसे जायबंदी केली किंवा मारली. दारूकोठार उडाले तेव्हा कुठे किल्ला पडला. भाडोत्री शिपाई एवढे का लढले, याचे उत्तर नकाशात मिळत नाही.

इतिहास सेनानी घडवतो तो असा: हाताशी आलेले उत्तर पुढच्या उदाहरणावर घासून बघायला लावून. आपण मात्र मुलांना विजयच शिकवतो. पालखेड प्रत्येकाला ठाऊक. फील्डमार्शल माँटगोमेरीनेही बाजीरावाच्या त्या मोहिमेची तारीफ केली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये उभारलेले भोसला मिलिटरी स्कूल नाशकातच आहे, आणि त्र्यंबक व मालेगाव हे पराभवाचे दोन्ही वर्ग तिथून एका दिवसाच्या पल्ल्यात आहेत.

जिंकणाऱ्यांनी हा अभ्यास लगेच केला. मद्रास फौजेच्या व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा या युद्धावरचा ग्रंथ १८२१ मध्ये आला, कॅप्टन ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये. त्र्यंबकचा वेढा समजून घ्यायला आजही आधी इंग्रजांचीच कागदपत्रे उघडावी लागतात. छात्राने ती वाचावीत, पण किल्ल्याच्या आतल्या बाजूने.