चढलीय? की ऊन लागलंय?

मे महिना, कलंगुटचा बीच, ऑफिसची गँग आणि दुपारी १२ वाजताच चिल्ड बिअर. सही ना? तीनच्या सुमाराला एकाचं डोकं ठणकायला लागतं, मळमळतं. गँगचं निदान ठरलेलं, ‘चढलीय रे त्याला, झोपू दे!’

घोळ इथेच होतो. शरीरातलं पाणी धरून ठेवणाऱ्या व्हासोप्रेसिन या हार्मोनला अल्कोहोल दाबतं, मग लघवीच्या फेऱ्या सुरू. वर गोव्याची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंगही थंड होत नाही.

नुसती मळमळ, चक्कर असेल तर सावली, पंखा आणि ओआरएस. (‘उतारा’ म्हणून आणखी एक बिअर सुचवणारा प्रत्येक गँगमध्ये असतोच, त्याला पाणी आणायला पिटाळा.) पण अंग भट्टीसारखं तापलंय, बोलणं असंबद्ध झालंय? हा उष्माघात असू शकतो. यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं, जिवावर बेतू शकतं. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. लगेच १०८ फिरवा. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका. आणि किती प्यायला होता, ते डॉक्टरांना खरं सांगा.