‘म्हणे’ची नोंद : बोलीचे व्याकरण कसे टिपावे

बोलीची नोंद करायची म्हटली की आपण प्रथम वेगळे शब्द गोळा करतो. ते सोपे असते, कारण बोलणाऱ्याला आपले वेगळे शब्द ठाऊक असतात. व्याकरणाचे तसे नाही. नियम पाळणाऱ्यालाही तो सांगता येत नाही. हैदराबादेत जामबाग परिसरातील मराठी घरांतले बोलणे टिपताना मला हे ‘म्हणे’ या एका लहान शब्दाने शिकवले.

‘पाऊस येणार म्हणे.’ येथे ‘म्हणे’ काढला तरी बातमी तीच राहते. जातो तो तिचा आधार. हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, एवढेच तो सांगतो. दिसायला हे क्रियापद आहे. पण क्रियापद म्हणून ‘तो म्हणे’चे अनेकवचन ‘ते म्हणत’ असे होते. हा ‘म्हणे’ मात्र ‘तो गेला म्हणे’, ‘त्या गेल्या म्हणे’, ‘सगळे गेले म्हणे’ असा अविकारी राहतो. तेव्हा त्याची नोंद ‘म्हणणे’ या धातूखाली करून भागत नाही.

नियम हाती लागतो तो वाक्य कुठे अडते हे पाहिल्यावर. ‘मी आत्ता जेवलो म्हणे’ हे कोणी बोलत नाही. ‘मी लहानपणी फार रडायचो म्हणे’ हे मात्र सहज चालते. दोन्ही वाक्ये स्वतःबद्दलच आहेत; पण दुसऱ्यातली गोष्ट बोलणाऱ्याला इतरांकडूनच कळलेली असते. ‘तू पुण्याला चाललास म्हणे?’ यात ऐकीव गोष्ट तिच्या मालकाकडूनच पडताळून घेतली जाते. आणि ‘म्हणे वेळ नाही!’ असे तो आरंभी आला की ऐकीवपणाचा अविश्वास होतो. चालणारी आणि अडणारी वाक्ये शेजारी लिहिली, तरच नोंद पूर्ण होते.

जामबागेत या नोंदीला आणखी एक बाजू आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू आणि दखनी येथे पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत नांदल्या. तेलुगूत ‘वाडु वस्ताडट’ म्हणजे ‘तो येणार म्हणे’. तेथे ‘अट’ हेच काम करतो. दखनीत ‘वो आता कते’ म्हणतात. प्रमाण हिंदीत यासाठी ‘सुना है’ असे वेगळे वाक्यच जोडावे लागते. कोणी कोणाकडून घेतले हा पुढचा प्रश्न. तिन्ही रूपे एकत्र टिपल्याखेरीज तो विचारताही येत नाही. दूरच्या तुर्कीत ऐकीव गोष्टीसाठी क्रियापदाला प्रत्ययच लागतो. म्हणजे हा केवळ बोलण्यातला लकब नव्हे, व्याकरणाचा विषय आहे.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील खंड १९०५ साली निघाला. त्यातले अनेक नमुने बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे अनुवाद आहेत. तुलनेसाठी ते फार उपयोगी पडतात. पण अनुवादात मूळ वाक्याने मागितले तेवढेच येते. ‘म्हणे’ येतो तो शेजारच्या लग्नाची किंवा कोणाच्या बदलीची गोष्ट निघाली की. म्हणून मी आधी मोकळे बोलणे ध्वनिमुद्रित करतो, मग ते शब्दशः उतरवतो आणि शेवटी वाक्यांत फेरफार करून ‘असे चालेल का?’ एवढेच विचारतो. ‘हे शुद्ध आहे का?’ असे विचारले की माणसे सावध होतात आणि पाठ्यपुस्तकातली मराठी बोलू लागतात.

याची निकड शिक्षकांना लवकर जाणवेल. येथील मुलाच्या वहीतले अनोळखी वाक्य आपण ‘तेलुगूची भेसळ’ म्हणून खोडतो, तेव्हा त्यामागे नियम आहे की चूक, हे ठरवायला आपल्यापाशी नोंद नसते. ज्या घरांत नातवंडे आजीला इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तरे देतात, तेथे ती नोंद आजीच्याच बोलण्यातून करावी लागेल. एका शिक्षकाने एका घरातला अर्धा तास नीट उतरवला, तरी सुरुवात होते.